आमटीत गेलेलं पाणी

इंदू, सोमवारी सकाळी सहा वाजता मी तुला वजनकाट्यावर उभं केलं. पायात चप्पल नको, अंगावर शाल नको, भिंतीला हात नको. तू भिंतीला एक बोट लावलंसच. मी म्हटलं, बोट काढ. तू म्हणालीस, "एका बोटाचं वजन केवढं असतं ते तरी सांगा एकदा." बोट काढलंस तसा काटा दोन रेघा पुढे सरकला. मी बघितलं, तूपण बघितलंस. शनिवारी डायलिसिसच्या मशीनवरून उतरलीस तेव्हापासून अडीच किलो वाढ. मी कॅलेंडरवर आकडा लिहिला.

"पाणी कुठे प्यायलीस?"

"चौपाटीवर गेले होते. भरती होती."

"मस्करी नको. बाटलीतलं पाणी रेघेच्या खाली गेलेलं नाही. मग अडीच किलो आलं कुठून?"

"तुमच्या बॉयलरला विचारा," म्हणालीस आणि काट्यावरून उतरून खाटेवर बसलीस. मग अर्धा कप चहा घेतलास, तो मी पाण्याच्या हिशेबात धरला. शेवटच्या दोन घोटांना मी तुझ्याकडे बघत होतो. बायकोकडे बघावं तसं नाही, मीटरकडे बघावं तसं. आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम ते. दुपारचे बारा वाजायच्या आत तू नव्हतीस.

खाली गेटापाशी संजूने बोर्ड लावलाय. तुझा फोटो, भोवती हार, खाली "दीर्घ आजाराने दुःखद निधन". मी त्याला विचारलं, कसला दीर्घ आजार? तो म्हणाला, "बाबा, असंच लिहितात." असंच लिहितात. म्हणून कुणाला काही कळत नाही आणि पुढचा माणूस तसाच जातो. आजार होता, दोन वर्षं होता, आपण तिघं एका खोलीत राहत होतो, तू, मी आणि तो आजार. पण तू त्याने गेली नाहीस. तू एका चुकीने गेलीस. ती चूक कुणाची हे मला लिहून काढायचंय, कारण तोंडाने सांगायला गेलो की संजू पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, बाबा, शांत व्हा. मला शांत व्हायचं नाही.

लिहायला मला तूच शिकवलंस. मी चौथीतून उठलेला, तू सातवी पास. लग्न झालं तेव्हा मी गिरणीच्या रंगखात्यात बॉयलरपाशी कोळसा ओढत होतो. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षा द्यायची, साहेबासमोर तोंडी आणि थोडी लेखी. मी म्हटलं होतं, आपल्याला नाही जमणार. तू घोडपदेवच्या कुणाकडून तरी ते जुनं पुस्तक आणलंस. भाकऱ्या थापता थापता विचारायचीस, पीठ लागलेल्या बोटाने पान उलटायचीस.

"बॉयलरच्या काचेत पाणी दिसत नाही. आधी काय करणार?"

"पाणी सोडणार."

"मेलात. बॉयलर फुटला, शेजारची चाळ पण गेली. आधी आग बाहेर ओढायची. परत सांगा."

"आग ओढायची."

"ब्लोडाउन कशासाठी?"

"क्षार बाहेर काढायला."

"फक्त क्षार कसे काढणार? चिमट्याने?"

"क्षारांसकट खालचं पाणी सोडून द्यायचं. गरम असलं तरी."

"गरम असलं तरी," तू म्हणायचीस आणि भाकरी उलटायचीस.

मी पास झालो. साहेबाने विचारलेला एकही प्रश्न असा नव्हता जो तू आधी विचारला नव्हतास. गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या लाँड्रीत मला घेतलं तेही त्या कागदावर. तीस वर्षं त्या कागदावर आपण जेवलो. तुझे आभार मी मानले का? नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. पण ते पुस्तक माझ्याइतकंच तुलाही पाठ होतं. ब्लोडाउन म्हणजे काय हे या चाळीतल्या एका बाईला माहीत असेल, तर ती तू होतीस. म्हणून मला राग येतो.

आजाराची सुरुवातही रागाचीच आहे. तुझे गुडघे. तीन मजले चढून तू दिवसातून चारदा वर-खाली करायचीस, आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तुला दुखण्यावरच्या त्या पांढऱ्या गोळ्या द्यायचा, चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, "काकी, रोजच्या ना?" म्हणून पुडी हातात. किती वर्षं? दहा तरी. प्रेशरच्या गोळ्या मात्र बरं वाटलं की बंद. मी म्हणायचो, घे. तू म्हणायचीस, "डोकं दुखत नाही तर प्रेशर कुठलं?" मग पाय सुजायला लागले. मग जेवणाला लोखंडाची चव येते म्हणालीस. मग जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम लागून बसलीस. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी आणि प्रेशरने दोन्ही किडन्या गेल्या. तू त्यांच्याकडे बघून हसलीस. "अहो, मला लघवी तर नीट होते."

मीपण तेच म्हणालो. कुणीही तेच म्हणेल. होते ना लघवी, मग बिघडलं काय? पाणी बाहेर येत होतं, पण त्यातून जे जायला पाहिजे होतं ते जात नव्हतं. नुसता नळ गळत होता. हे आपल्याला कुणी पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं. शाळेत संजूला शिकवलं असेल, त्याने परीक्षेत लिहिलं असेल, आणि विसरला असेल.

डायलिसिसच्या जागेवरचा टेक्निशियन तेवढा मला आवडायचा. विचारलं की सांगायचा, हातातलं काम न थांबवता. मी त्याला म्हटलं, किडनी म्हणजे गाळणी ना? तो म्हणाला, "काका, सगळे तेच सांगतात, पण गाळणीला अक्कल नसते. किडनी काय करते, रक्तातलं पाणी, मीठ, साखर, चांगलं-वाईट पहिलं बाहेर काढते. मग त्यातलं जे पाहिजे ते, पाहिजे तेवढंच, परत आत घेते. उरलं ते लघवी."

मी म्हटलं, म्हणजे आमची ही गणपतीच्या आधी फळीवरची सगळी भांडी खाली काढते, घासते आणि चांगली तेवढीच परत वर लावते, तसं.

"तसंच. फक्त ती वर्षातून एकदा करत नाही. दिवसभर तेच करते."

मग रोज एकेक गोष्ट विचारत गेलो. पाणी जास्त प्यालात तर ती सोडून देते, कमी प्यालात तर धरून ठेवते. बॉयलरपाशी उभा राहून माझं बनियन घामाने पांढरं पडायचं, तेव्हा ती मीठ राखून ठेवत होती. रविवारी खारा बांगडा खाल्ला की जास्तीचं मीठ ती सोमवारी काढून टाकत होती. रक्त आंबट होऊ देत नाही. प्रेशरवर तिचा हात. हाडं धड ठेवते. हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथे निरोप धाडते की कमी पडतंय, बनवा. तुला ती पोटात टोचायची इंजेक्शनं होती ना, तो निरोप होता, विकत आणलेला. बाहेर मे महिना असो नाहीतर जानेवारी, माणूस उपाशी असो नाहीतर लग्नाच्या पंगतीतून उठलेला, आत सगळं होतं तसं ठेवायचं, एवढीच तिची ड्युटी. सुट्टी नाही, पाळी बदलून कुणी येत नाही. पाठीत दोन, मुठीएवढ्या. आणि एवढं करणाऱ्या वस्तूला आपण नाव काय दिलं, तर मूत्रपिंड. बॉयलरला धुराडं म्हणण्यासारखं आहे.

मशीन आठवड्यातून तीन वेळा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. बाकीच्या वेळी आत कुणीच ड्युटीवर नाही. जे तोंडातून आत गेलं ते पुढच्या पाळीपर्यंत आतच. शनिवार ते मंगळवार हा सगळ्यात लांब खाडा. टेक्निशियन म्हणालाच होता, "काका, सोमवार सांभाळायचा." मी सांभाळला. माझ्या पद्धतीने सांभाळला. पाण्यावर पहारा देत बसलो.

तुझी बाटली मी खिळ्याने रेघ मारून ठेवली होती. दिवसाला रेघेपर्यंत. तू चूळ भरायला मोरीत गेलीस की मी मोजायचो, गेलं किती आणि बाहेर आलं किती. बर्फाचा खडा तोंडात ठेवलेला पकडला तर तू डोळे मिटून घ्यायचीस, मुलं चॉकलेट खाताना घेतात तसे. आणि ते हळदीकुंकू. वरच्या मजल्यावर कुंदाकडे. हळदीकुंकवात पुरुष जात नाहीत, मी गेलो. दारातल्या चपला ओलांडून, वीस बायकांमधून, आणि तुझ्या हातातला कोकम सरबताचा ग्लास काढून घेतला. एकदाही तोंडाला लावला नव्हतास. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "तुम्ही माझे नवरे की माझ्यावर नेमलेले शिपाई?" मी म्हटलं, शिपाई. मला वाटलं, हे बरोबर उत्तर आहे. माझं चुकलं, इंदू. ते मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. पण त्याहून मोठं चुकलं ते वेगळं आहे. शिपाई चुकीच्या दारावर उभा होता.

आता आमटीकडे येतो.

पहिल्या महिन्यात त्या आहारवाल्या बाईंनी कागद दिला. छापलेला, इंग्रजीत, मागे-पुढे. पाच मिनिटं बोलल्या, त्यातली दोन फोनवर. संजूने वाचून सांगितलं, आई, हे नको, ते नको, शहाळं अजिबात नको, आणि भाज्या बारीक चिरून भिजवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडायच्या आणि पाणी टाकून द्यायचं. तू विचारलंस, "का टाकायचं?" संजू म्हणाला, "पोटॅशियम असतं त्यात." तू विचारलंस, "म्हणजे?" संजूने कागद उलटला. मागेही ते लिहिलेलं नव्हतं. म्हणाला, "आई, टाकायचं म्हणजे टाकायचं."

मला त्या कागदाचा राग आहे. लिहिणारे शिकलेले. त्यांना कळायला पाहिजे की समोर कोण बसलंय. आपण मालवणकडची माणसं. भात झाला की पेज प्यायची, मासे धुतलेलं पाणी माडाला, नारळाचं दूध काढलं की चोथा चटणीत. समोर बसलेल्या बाईने आयुष्यात अन्नाचं पाणी मोरीत ओतलेलं नाही. तिला नुसतं "टाका" म्हणून भागतं? का टाका, टाकलं नाही तर नेमकं काय होतं, ते सांगायला पाच मिनिटं जास्त लागली असती. टेक्निशियनला लागली नसती. पण त्याला कुणी आहाराबद्दल बोलू देत नव्हतं, ती त्याची ड्युटी नव्हती.

तू मात्र माझ्यासमोर उकडायचीस. दोनदा. पातेल्यावर चाळण धरून भाजी गाळायचीस आणि मला दाखवायचीस, "बघा, टाकलं." मी बघायचो भाजीकडे. पातेल्याकडे नाही बघितलं. भाजी म्हणजे ओल्या कागदासारखी, शेवग्याची शेंग चावली तरी शेवगा आहे हे आठवावं लागायचं. पहिल्या महिन्यात मी ताटावरून दोनदा उठलो, लपवत नाही. मग एक दिवस आमटी चांगली झाली. घट्ट, अंगची चव असलेली. मी म्हटलं, "बाकी कायपण असो, आमटी आता जमली." तू आणखी एक पळी वाढलीस, आणि स्वतःच्या भातावर उरलेली ओतलीस, कारण त्या कागदासारख्या भाजीशी तुलाही भात गिळवत नव्हता.

दोन वर्षं मी ती आमटी जेवलो. पाहुण्यांना सांगितलं. आणि आमटी मी पाण्यात धरतच नव्हतो. चहा धरला, औषधाबरोबरचा घोट धरला, बर्फ धरला. आमटी म्हणजे जेवण.

सोमवारी, काट्यावरून उतरल्यावर, नऊच्या सुमारास तू आदल्या दिवशीची आमटी गरम केलीस आणि भाताबरोबर खाल्लीस, गोळ्या घ्यायच्या म्हणून. रविवारची आमटी, बटाटा, शेवगा, टोमॅटो, पालक, सगळ्यांचं पाणी उतरलेलं. तासाभराने खाटेवरून उठलीस आणि परत बसलीस. म्हणालीस, "पायांत जीव नाय माझ्या." मी म्हटलं, थोडं थांब, जाईल. तू म्हणालीस, "पाय माझे नाहीत असं वाटतं." मी आणि कुंदाचा नवरा मिळून तुला खुर्चीवर बसवून तीन मजले उतरवलं. टॅक्सीत तू डोकं माझ्या खांद्यावर ठेवलंस. बाहेर बघत होतीस. इस्पितळात त्यांनी छातीला वायरी लावल्या, कागदावर रेघ निघाली, डॉक्टरने ती रेघ बघितली आणि माझ्याकडे बघितलं नाही. मग पळापळ. मला बाहेर काढलं. पाऊण तासाने आत बोलावलं.

ती डॉक्टर पोरगीच होती, संजूहून कितीतरी लहान. पण तिने मला बाकावर बसवलं आणि माझ्यासमोर बसली, उभ्या उभ्या बोलली नाही. म्हणाली, "आजोबा, रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि मग थांबतात." मी म्हटलं, ते असतं काय? ती म्हणाली, ते सगळ्यांच्या अंगात असतं. अंगातल्या प्रत्येक बारीक कणाच्या आत ते भरपूर आणि बाहेर रक्तात अगदी थोडं, असं असेल तरच स्नायू चालतात, हृदय चालतं. बाहेरचं थोडंसं वाढलं तरी चालत नाही. किडनी ते तोलून धरते, जेवणात जास्त आलं की बाहेर टाकते. "आजींच्या किडन्या काम करत नव्हत्या. मशीन उद्या होतं."

मी विचारलं, आणि ते येतं कशातून?

"फळं, शहाळं, डाळी, भाज्या. भाज्या उकडून खात होत्या ना?"

"दोनदा."

"पाणी टाकत होता?"

"टाकत होतो," मी म्हटलं. छातीला हात लावून म्हटलं, इंदू. तुझ्या अंगावर चादर घातलेली होती आणि मी त्या पोरीसमोर खोटी साक्ष दिली, खरी समजून. तिने मान हलवली. म्हणाली, कधी कधी काळजी घेऊनही होतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंही आता मला खातं.

संध्याकाळी स्मशानातून आलो. घरात चूल पेटवायची नाही, म्हणून कुंदा वरून चहा घेऊन आली आणि ओटा आवरायला लागली. संजू, सूनबाई स्मिता, सगळे खाली सतरंजीवर. कुंदाने एक पातेलं उचललं, वरची ताटली काढली.

"भाऊजी, हे टाकू का?"

"काय आहे?"

"वहिनींचं आमटीचं पाणी. सकाळी काढून ठेवलेलं दिसतंय."

मी उठलो. पातेल्यात हिरवट पिवळं पाणी, वर तेलासारखा पातळ थर, बटाट्याचा एक तुकडा तळाशी. मी विचारलं, "कसलं पाणी?"

"भाजी उकडल्याचं. रोज ठेवायच्या ना." ती माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"रोज?"

"पहिल्यापासून. मला म्हणाल्या, सगळा गुण पाण्यात उतरतो, तो मोरीत कशाला ओतायचा. भाऊजींना आवडते आमटी." मग तिला काहीतरी कळलं आणि ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मी ते पातेलं मोरीत ओतलं. शेवग्याचा वास आला. संजू म्हणाला, "बाबा, राहू दे, स्मिता करेल." मी म्हटलं, "तुझ्या आईने हे करायला पाहिजे होतं." कुंदा सोडून कुणाला काही कळलं नाही.

आता तुला विचारतो, आणि उत्तर तू देणार नाहीस हे मला माहीत आहे म्हणून जोरात विचारतो. तुला माहीत होतं ना? "क्षारांसकट पाणी सोडून द्यायचं, गरम असलं तरी." हे तू मला घोकून घोकून शिकवलंस. रंगखात्यात नवीन माणूस आला की त्याचाही जीव असाच तुटायचा, एवढा कोळसा जाळून तापवलेलं पाणी गटारात का सोडायचं म्हणून. मी त्याला सांगायचो, बाबा, पाण्यासाठी नाही सोडत, पाण्यात जे आहे त्यासाठी सोडतो. तेच पाणी परत आत घातलंस तर सोडलंस कशाला? हे मी दहा-बारा जणांना सांगितलं असेल. घरात पातेल्याकडे वळून बघितलं नाही. तू भाजीतला क्षार बाहेर काढलास, चाळणीने मला दाखवलास, आणि वळून स्वतःच्या ताटात परत घातलास. मला चिडवायला केलं असतंस तर समजू शकलो असतो. पण तू ते माझ्यासाठी केलंस, आणि ते मला अजिबात सहन होत नाही. मी सांगितलं होतं का? मी ताटावरून उठलो होतो, बस. मग मी म्हटलं होतं, आमटी जमली. म्हणजे सांगितलंच की.

पन्नास वर्षांत मी तुझ्या जेवणाला चांगलं म्हटलं ते बहुतेक तेव्हाच. म्हणून तू ती आमटी सोडली नाहीस. हे कुंदाने सांगितलं नाही, हे मला आपोआप कळलं, मोरीत पाणी ओतताना. आता ते कळून मी काय करू? कुणाला धरू? मेडिकलवाल्याला धरू, कागद लिहिणाऱ्याला धरू, कागद उलटून बघणाऱ्या माझ्या मुलाला धरू, तुला धरू. सगळ्यांना धरलं. रांगेत शेवटी मीच उभा आहे.

संजू म्हणतो, आई नशिबाने सुटली, फार त्रास होता. सुटली म्हणे. तू सुटायला मागत नव्हतीस. तुला दिवाळीत नातीसाठी परकराला काठ लावायचा होता. काठ कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पहाटे पाचला मला जाग आली, रोजच्यासारखी, तुझी फाईल, तुझा रुमाल, तुझी शाल पिशवीत भरायला. मी तोंड धुतलं, शर्ट घातला. संजू उठून बसला. "बाबा, कुठे? सुतक आहे."

"डायलिसिसला."

त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. तो दारात आडवा उभा राहिला. मी म्हटलं, "आठ पलंग आहेत तिथे. सरक." तो सरकला, आणि माझ्या मागून चपला घालत जिना उतरला, पण माझ्याबरोबर आला नाही, गेटापर्यंत येऊन थांबला. मी काळाचौकीहून परळपर्यंत चालत गेलो. टेक्निशियनला संजूने आदल्या दिवशी फोन केला होता. तो माझा हात धरून म्हणाला, "काका, फाईल द्यायला आलात? कशाला त्रास घेतलात." मी म्हटलं, फाईल नाही. आत सोड.

तुझ्या पलंगावर एक नवीन माणूस होता, चाळिशीचा, घाबरलेला. शेजारच्या पलंगावर फिलोमिना, गिरगावची, तुझ्याशी दोन वर्षं चार-चार तास बोलत बसायची ती. तिच्या डाव्या हातात सुया लागलेल्या होत्या. तिला काही माहीत नव्हतं. तिथे कुणी गेलं की बाकीच्यांना सांगत नाहीत, पलंगावर दुसरं माणूस येतं.

"अरे, भाऊ. इंदू कुठे? लेट झाली?"

"काल गेली."

डावा हात हलवता येत नव्हता, तिने उजव्या हाताने क्रूस केला. मग म्हणाली, "कशाने?"

मी स्टूल ओढून बसलो. "बाई, तू भाजी उकडतेस, त्याचं पाणी काय करतेस?"

"काय?"

"भाजीचं पाणी. टाकतेस?"

ती म्हणाली, "सूप करते. लसूण, मिरी घालून. फुकट कशाला घालवायचं. इंदूनेच शिकवलं मला, भाऊ. म्हणाली, माझा नवरा त्याच्या आमटीवर खूश आहे."

मशीन चालू होतं. तिचं रक्त नळीतून जात होतं आणि येत होतं. मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टर पोरीने सांगितलं तसं, पहिल्यापासून, हळू. का टाकायचं ते सांगितलं. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग उठलो आणि तुझ्या पलंगावरच्या त्या माणसाकडे गेलो. मग पुढच्या. सिस्टर म्हणाली, "आजोबा, नातेवाइकांना आत थांबता येत नाही." टेक्निशियन तिला म्हणाला, "थांबू दे त्यांना." आठही झाले. आठातल्या तिघांकडे ते पाणी कशात ना कशात जात होतं. एकाची सून कणकेत घालायची.

बाहेर बाकावर दुसऱ्या पाळीची माणसं येऊन बसायला लागली होती. मी त्यांच्याकडे गेलो. प्रत्येकाला तेच विचारलं, आणि प्रत्येकाला सांगितलं की माझी बायको काल त्या पाण्याने गेली, आणि त्या आमटीला चांगली म्हणणारा मी आहे.